कर्बाचा ताळेबंद आणि गांवची खतावणी

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगांतील शास्त्रज्ञांच्या हातून एक नवाच लेखनप्रकार निर्माण झाला आहे. इंग्रजींत त्यास 'कार्बन बजेट' म्हणतात. कोळसा, खनिज तेल आणि जंगलतोड यांच्यामुळें दरवर्षीं हवेंत किती कर्ब जातो, त्यांतील किती समुद्र गिळतो, किती झाडेंझुडपें व माती पोटांत घालतात, आणि शेवटीं हवेंत किती उरतो, याचा जमाखर्च म्हणजे हें लेखन. २००१ सालीं स्थापन झालेल्या 'ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट' या संस्थेच्या विद्यमानें साऱ्या जगाचा असा जमाखर्च दरवर्षीं प्रसिद्ध होतो. अलीकडे त्याच्या शिरोभागीं पियर फ्रीडलिंगस्टाइन यांचें नांव असतें आणि त्यामागें सहकाऱ्यांची मोठी नामावळि. याच संस्थेच्या प्रेरणेनें पुढें जगाचे भाग पाडून प्रत्येक प्रदेशाचा निराळा हिशेब करण्याचें काम हातीं घेतलें गेलें. त्यांपैकीं दक्षिण आशियाचा हिशेब प्रबीर पात्रा व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं 'बायोजिओसायन्सेस' या नियतकालिकांत छापला. जगाचा हिशेब आणि प्रदेशाचा हिशेब यांचा एकमेकांशीं मेळ बसतो काय, आणि न बसल्यास राज्यकर्त्यांनीं कोणता खरा मानावा, एवढाच प्रस्तुत परीक्षणाचा विषय आहे.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत धुराचा हिशेब कशाला, असें कोणी विचारील. प्रश्न गैर नाहीं. परंतु ज्या गद्यावर राष्ट्रांचे करार उभे राहतात, ज्यांतील एका शब्दाचा अर्थ बदलला असतां अब्जावधि टनांची रक्कम एका रकान्यांतून उठून दुसऱ्यांत जाऊन बसते, त्या गद्याची शब्दशः तपासणी करणें हें टीकाकाराच्या कक्षेबाहेरचें खास नाहीं. यंत्रें, उपग्रह आणि गणिती प्रतिमानें यांची परीक्षा करण्याचा माझा अधिकार नाहीं. तो ज्यांचा आहे त्यांनीं ती केलेली आहे. मी फक्त शब्द आणि बेरजा पाहणार आहें.

आरंभ त्या 'बजेट' शब्दापासूनच करूं. या एका शब्दानें येथें दोन अगदीं भिन्न वस्तूंचा निर्देश होतो. पहिल्या अर्थीं तो झालेल्या व्यवहाराचा जमाखर्च होय. दुसऱ्या अर्थीं, तापमानवाढ अमुक अंशांवर थांबवावयाची तर मनुष्यजातीस यापुढें एकंदर किती कर्बवायु हवेंत सोडतां येईल, ती मर्यादित रक्कम होय. आय. पी. सी. सी. या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०२१ सालच्या अहवालानें असें सांगितलें कीं, दीड अंशाची मर्यादा निम्म्या संभवानें पाळावयाची असल्यास २०२० सालच्या आरंभापासून पुढें ५०० अब्ज टन कर्बवायु एवढीच मुभा उरली आहे. ही झालेल्या गोष्टीची नोंद नव्हे; व्हावयाच्या गोष्टीस घातलेली हद्द आहे. आमच्या पेढीवरचा साधा मुनीमहि गेल्या वर्षाचा ताळेबंद आणि पुढील वर्षाचें अंदाजपत्रक यांचा घोंटाळा करणार नाहीं. कारण मराठींत त्या दोन वस्तूंस दोन शब्द आहेत. असें असतां आमचीं वर्तमानपत्रें दोहोंसहि 'कार्बन बजेट' म्हणून मोकळीं होतात, आणि वाचक ज्या आकड्यास भ्यावें त्यास भीत नाहीं व ज्यास भिण्याचें कारण नाहीं त्यास भितो. या लेखापुरतें मी पहिल्यास 'ताळेबंद' आणि दुसऱ्यास 'शिल्लक' म्हणेन. इंग्रजी लेखकांस ही सोय नाहीं, म्हणून त्यांच्याकडून झालेला गोंधळ क्षम्य आहे. आमच्याकडून झालेला नाहीं.

दुसरी गोष्ट वजनाची. शास्त्रज्ञ आपल्या ताळेबंदांत बहुधा निव्वळ कर्बाचें वजन देतात. सरकारी अहवाल कर्बवायूचें, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचें, देतात. बारा भार कर्बापासून चव्वेचाळीस भार कर्बवायु होतो, तेव्हां पहिल्याचा एक टन म्हणजे दुसऱ्याचे सुमारें ३.६७ टन. हें ठाऊक नसलेला मनुष्य दोन अहवाल शेजारीं ठेवून कोणास तरी खोटारडा ठरवितो. येथें 'कर्ब' आणि 'कर्बवायु' हे शब्द मी जाणून निरनिराळे वापरीत आहें, तेवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां जगाचा ताळेबंद. २०१३ ते २०२२ या दशकाच्या सरासरीनें दरवर्षीं खनिज इंधनांतून ९.६ अब्ज टन आणि जमिनीचा उपयोग बदलल्यामुळें, मुख्यतः जंगलतोडीमुळें, १.३ अब्ज टन कर्ब बाहेर पडला, एकूण १०.९. त्यांतील ५.२ अब्ज टन हवेंत राहिला, २.८ समुद्रानें घेतला, ३.३ भूमीनें घेतला, एकूण ११.३. म्हणजे जितका बाहेर पडला त्याहून ०.४ अब्ज टन अधिक कोठें तरी जमा झाला! अर्थात् हें अशक्य आहे. कोणता तरी आकडा चुकला आहे, आणि कोणता तें सांगतां येत नाहीं, असा याचा सरळ अर्थ. आणि लेखक तो लपवीत नाहींत. त्यांनीं 'असंतुलन' असा स्वतंत्र रकाना ठेवून ती रक्कम तेथें उघड मांडली आहे.

या रकान्याचा इतिहास मनोरंजक आहे. २०१७ सालच्या ताळेबंदापूर्वीं भूमीनें किती कर्ब घेतला हें स्वतंत्रपणें काढीत नसत. बाकीचीं खातीं लिहून झालीं म्हणजे जी रक्कम उरे ती भूमीच्या नांवें टाकीत. साहजिकच ताळा दरवर्षीं चोख जमे. ज्या वहींतील एक खातें ताळा जमविण्याकरतांच उघडलेलें आहे, ती वही कधींच चुकत नाहीं! २०१७ पासून भूमीचा आकडा निराळ्या प्रतिमानांवरून काढूं लागले आणि त्याच वर्षापासून ताळा चुकूं लागला. माझ्या मतें या सर्व लेखनमालेंतील हा सर्वांत प्रामाणिक क्षण होय. मात्र या प्रामाणिकपणाचें मोल किती, हेंहि वाचकांनीं समजून घ्यावें. ०.४ अब्ज टन म्हणजे ४० कोटी टन कर्ब. पात्रा यांच्या हिशेबाप्रमाणें २००० ते २००९ या दशकांत सबंध दक्षिण आशियांतील खनिज इंधनांतून वर्षाकाठीं निघणारा कर्ब ४४.४ कोटी टन होता. म्हणजे जगाच्या वहींतील चुकीची रक्कम आमच्या सहा देशांच्या त्या वेळच्या साऱ्या चुली, गिरण्या आणि आगगाड्या यांच्या धुराएवढी आहे. जगाच्या वहींत जी चूक पानाच्या कोपऱ्यांत मावते, ती प्रदेशाच्या वहींत सबंध वही व्यापते. म्हणूनच प्रादेशिक ताळेबंदांची आवश्यकता उत्पन्न झाली.

पात्रा यांच्या लेखांत भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान आणि श्रीलंका हे देश घेतले आहेत. हिशेबाच्या वाटा दोन. एक वरून खालीं येणारी: ठिकठिकाणच्या हवेंतील कर्बवायूचें प्रमाण मोजावयाचें, वारे कोठून कोठें वाहतात याचें गणित मांडावयाचें, आणि हवेंत दिसणारी वाढघट जमिनीवरील कोणत्या देवघेवीमुळें झाली हें उलट हिशेबानें काढावयाचें. दुसरी खालून वर जाणारी: शेत, रान, नदी, वणवा यांच्या नोंदी आणि प्रतिमानें घेऊन एक एक रक्कम मिळवीत जावयाचें. पहिल्या वाटेनें, २००७-०८ या दोन वर्षांत येथील भूमीनें वर्षाला १०४ दशलक्ष टन कर्ब शोषला असें निघालें. संभाव्य चूक उणीअधिक १५०. दुसऱ्या वाटेनें, २००० ते २००९ या दशकांत १९१ दशलक्ष टन. संभाव्य चूक उणीअधिक १९३. दोन्ही ठिकाणीं चूक मूळ रकमेहून मोठी आहे. भूमि कर्ब घेते कीं देते, एवढें देखील छातीठोकपणें सांगतां येऊं नये अशी ही स्थिति. शिवाय दोन वर्षें आणि दहा वर्षें यांची तुलना ही मुळांतच लंगडी. ज्या देशांत एका वर्षीं पाऊस दगा देतो आणि दुसऱ्या वर्षीं शिवार भरून येतें, तेथें कोणतीं दोन वर्षें निवडलीं यावरच पुष्कळसें अवलंबून राहतें.

तरीहि या लेखाचा गुण असा कीं तो आपल्या रकमा सुट्या करून दाखवितो. सुट्या दाखविल्या म्हणूनच मला त्या मिळवून पाहतां आल्या. सारांशांत म्हटलें आहे कीं १९१चें शोषण पुढील बाबींपासून निष्पन्न होतें: वनस्पति व माती यांच्या देवघेवींतून २२० जमा; जमिनीच्या उपयोगांतील बदलामुळें १४ जमा; नद्यांनीं समुद्राकडे वाहून नेलेला ४२.९ खर्च, आणि वणवे, पाचट व लाकूडफांटा जळून गेलेला ४४.१ खर्च. मीं कागद-पेन्सिल घेऊन बसलों. २२० आणि १४ मिळून २३४. त्यांतून नदीचे ४२.९ वजा जातां १९१.१. म्हणजे १९१ची रक्कम पहिल्या तीन बाबींतच पुरी झाली, आगीचे ४४.१ वजा करावयाचे राहूनच गेले. ते वजा केले तर शोषण १४७ उरतें. पुढें खनिज इंधनाचे ४४४ धरून एकंदर उत्सर्जन २९७ दिलें आहे, आणि ४४४ मधून १४७ वजा केले असतांच २९७ येतात. तात्पर्य, एका बेरजेंत आग धरली आहे, दुसरींत धरलेली नाहीं, आणि सारांशाचें वाक्य मात्र दोन्हीकडे धरली आहे असा समज करून देतें. हा दोष गणिताचा नव्हे, वाक्यरचनेचा आहे. पण त्यामुळें दोन वाटांमधील अंतर ८७ आहे कीं ४३, हा प्रश्न मोकळा राहतो. आणि 'मेळ' हाच जेथें विषय, तेथें हा प्रश्न लहान नाहीं.

याहून खोल असा आणखी एक मुद्दा येथें आहे. नदीनें समुद्राला नेऊन पोंचविलेला कर्ब जमिनीच्या खात्यांतून गेला हें खरें. पण तो येथल्या हवेंत गेला नाहीं. वरून खालीं येणारी पद्धति फक्त हवा पाहते. नदी तिला दिसत नाहीं. तेव्हां हवेच्या आकड्याशीं ताडून पाहावयाचें तर नदीची रक्कम वगळली पाहिजे आणि आगीची धरली पाहिजे. तसें केल्यास शोषण १८९.९ येतें. छापील १९१शीं तें जवळजवळ जुळतें. पण जुळतें तें नदीची आणि आगीची रक्कम योगायोगानें सारखी पडली म्हणून. आंकडा तोच, अर्थ निराळा. पाणी आणि विस्तव यांची अशी अदलाबदल पुराणांतच शोभावी.

हें सर्व पुस्तकी वाटूं नये म्हणून मी ज्या गांवीं बसून हा लेख लिहीत आहें त्या ब्राह्मणपुरीकडे वळतों. हें गांव शहादा तालुक्यांतलें. एका काळीं हा सारा मुलूख पश्चिम खानदेशांत मोडे. पुढें धुळें जिल्ह्यांत गेला. १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत आहे. शेत जेथल्या तेथें राहिलें, पण त्याचा हिशेब तीन दप्तरांतून हिंडून आला. 'प्रादेशिक' या विशेषणाचा भरंवसा कितपत धरावा याची कल्पना येण्यास एवढें पुरे. असो. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी; मधल्या काळ्या जमिनींत ऊस, कापूस, केळी, पपई आणि हिंवाळ्यांत गहू. ऊस हवेंतून कर्ब ओढून घेण्यांत मोठा पटाईत. पण त्या कर्बाचें पुढें काय होतें? चिपाड कारखान्याच्या भट्टींत जळतें, पाचट पुष्कळदां बांधावरच पेटवून देतात, आणि साखर कोठल्या तरी दूरच्या शहरांत चहांत विरघळून तेथील माणसांच्या उच्छ्वासांतून हवेंत परत जाते. कापूस गांठी बांधून जातो आणि वस्त्र होऊन कैक वर्षें कोणाच्या तरी पेटींत पडून राहतो. केळीचे घड मालमोटारींतून उत्तरेकडे जातात. शिवारांतून वाहून निघालेली माती गोमाईनें प्रकाशाजवळ तापीस आणि तापीनें पुढें न्यावयाची. पण १९७२ सालीं पुरें झालेलें उकाईचें धरण वाटेंत आहे, तेव्हां त्या गाळांतला बराचसा कर्ब समुद्राचें तोंड न पाहतां धरणाच्या तळाशींच बसत असला पाहिजे.

आतां ब्राह्मणपुरीवरची हवा मोजणारा म्हणेल कीं, हें गांव मोठें शोषक आहे. हवेंतून पुष्कळ कर्ब उचलतें. माती तपासणारा म्हणेल कीं, येथें वर्षाअखेर फारसें कांहीं सांचलेलें नाहीं. दोघेहि खरें बोलतात. पहिल्यानें उचल पाहिली, दुसऱ्यानें शिल्लक माल पाहिला. मधली जावक कोणींच लिहिली नाहीं. व्यापारी भाषेंत बोलावयाचें तर आवक आणि सांठा यांची तुलना करून मुनीमावर अफरातफरीचा आळ घेण्यासारखें हें आहे.

प्रादेशिक ताळेबंदांच्या दुसऱ्या पर्वानें नेमकी हीच उणीव हेरली, हें त्याचें श्रेय. फिलीप सिए व त्यांचे सहकारी यांनीं पिकें आणि लाकूड यांचा व्यापार, नद्यांचा वाहता कर्ब, इत्यादि 'आडव्या' वाटांचा हिशेब करून मगच दोन पद्धति ताडून पाहाव्या असा दंडक घालून दिला, आणि कर्बवायूबरोबर मिथेन व नायट्रस ऑक्साइड हेहि धरावयाचें ठरविलें. २०२१ सालच्या त्यांच्या एका निबंधांत तर असें दाखविलें आहे कीं, या आडव्या वाटा धरल्या असतां मातींतील जीवजंतूंच्या श्वसनांतून निघणारा कर्ब आजवर समजत होतों त्याहून कमी, वर्षाला सुमारें ३९ अब्ज टनच असला पाहिजे. एका विसरलेल्या रकान्यानें साऱ्या पृथ्वीच्या मातीचा आकडा हालवावा, हें मला या वाङ्मयांतील सर्वांत सुंदर प्रकरण वाटतें.

वरून पाहणाऱ्यांची अडचण निराळी आहे. त्यांस पाहावयाला खिडक्याच थोड्या. आपल्या बाजूस गोव्याच्या किनाऱ्यावर काब द राम येथें १९९३ पासून २००२ पर्यंत हवेचे नमुने कुप्यांत भरून ऑस्ट्रेलियांतील प्रयोगशाळेकडे धाडीत असत. मग मालिका खंडित झाली आणि पुढें कांहीं काळ पुन्हां चालली. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें २००९ पासून सिंहगडावर नमुने घेण्यास आरंभ केला. ज्या गडाच्या कड्यावर घोरपडीची कथा सांगतात त्या गडावर आतां हवा बाटलींत भरतात, हें ऐकून कोणी हंसेल. पण नरवीरांच्या गडास हें काम हलकें आहे असें मला वाटत नाहीं. पात्रा यांनीं २०११ सालीं तर प्रवासी विमानांत बसविलेल्या यंत्रांच्या नोंदींवरून दक्षिण आशियाचा हिशेब मांडला. २०१६ सालीं जपानी संशोधकांनीं दिल्लीवर चढउतार करणाऱ्या विमानांच्या नोंदींवरून असें दाखविलें कीं, जानेवारी ते मार्च या महिन्यांत जमिनीलगतच्या हवेंतून कर्बवायु उचलला जातो आणि तें काम रब्बीच्या गव्हाचें आहे. खिडक्या थोड्या असल्या म्हणजे अशा चोरवाटांनीं पाहावें लागतें.

आणि सर्वांत मोठी अडचण पावसाची. सातपुड्याचें रान उन्हाळ्यांत निष्पर्ण असतें. आषाढापासून भाद्रपदापर्यंत तें हिरवें होतें आणि त्याच दिवसांत त्याचें कर्ब घेण्याचें खरें काम चालतें. उपग्रहानें बघावें तर नेमके त्याच वेळीं आभाळ झांकलेलें. म्हणजे वर्षांतून ज्या तीन महिन्यांत पाहण्यासारखें कांहीं घडतें त्याच तीन महिन्यांत पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी. ज्या गणिताचा जन्म बारमास निरभ्र आकाशाखालीं झालेला नाहीं त्यानेंहि आमच्या पावसाशीं अजून नीट जुळवून घेतलेलें दिसत नाहीं.

तथापि मेळ बसतच नाहीं असें मात्र नव्हे. मिथेनच्या बाबतींत तो चांगला बसला. २०१७ सालीं अनिता गणेशन् व सहकारी यांनीं हवेंतील नोंदींवरून भारताचें मिथेन-उत्सर्जन २०१० ते २०१५ या काळांत वर्षाला सरासरी २२ दशलक्ष टन काढलें. तें भारत सरकारनें कळविलेल्या आकड्याशीं जुळलें, आणि त्या वर्षांत म्हणण्यासारखी वाढ दिसली नाहीं. सरकारी आकड्यावर अविश्वास दाखविण्याची आपणांस इतकी संवय झाली आहे कीं असा निर्वाळा मिळाला म्हणजे त्याची बातमीहि होत नाहीं.

आतां मुख्य तंट्याकडे येतों. तो मोजमापाचा नाहीं, व्याख्येचा आहे. आणि धोरणाचा सारा भार त्यावर पडतो.

एकादें रान वाढतें तें दोन कारणांनीं. मनुष्य त्यास राखतो, लावतो, तोडीत नाहीं, हें एक. हवेंत कर्बवायु वाढला म्हणून झाडें अधिक जोमानें वाढतात, हें दुसरें. जगाच्या ताळेबंदांत पहिल्या कारणानें झालेला फरक 'जमिनीच्या उपयोगांतील बदल' या मनुष्याच्या खात्यांत पडतो, आणि दुसऱ्या कारणानें झालेली वाढ 'भूमि' या निसर्गाच्या खात्यांत. राष्ट्रांनीं सादर करावयाच्या अहवालांचा नियम निराळा आहे. तेथें जी जमीन 'व्यवस्थापित' म्हणून जाहीर केली तिच्यावरील सारी वाढ, कारण कोणतेंहि असो, मनुष्याच्या खात्यांत धरण्यास मुभा आहे. परिणाम असा कीं, जगाच्या ताळेबंदांत जमिनीचा मानवी उपयोग हा कर्ब सोडणारा ठरतो, आणि सर्व राष्ट्रांच्या वह्यांची बेरीज केली तर तोच कर्ब घेणारा ठरतो. जाकोमो ग्रास्सी व सहकारी यांनीं २०२३ सालीं केलेल्या हिशेबाप्रमाणें २००० ते २०२० या काळांत हें अंतर वर्षाला सुमारें ६.७ अब्ज टन कर्बवायु एवढें होतें. त्याचा भार कळावा म्हणून सांगतों: भारताचें २०२० सालचें सर्व वायूंचें मिळून एकंदर उत्सर्जन, भारत सरकारच्याच अहवालाप्रमाणें, २.९६ अब्ज टन कर्बवायुतुल्य होतें. एका व्याख्येच्या फरकांत दोन भारत बुडून वर कांहीं उरतें.

आपल्या अहवालाकडे पाहूं. डिसेंबर २०२४ अखेर संयुक्त राष्ट्रांस सादर झालेल्या भारताच्या चौथ्या द्वैवार्षिक अहवालांत २०२० सालचें उत्सर्जन २,९५९ दशलक्ष टन आणि वन व भूमि यांचें शोषण वजा जातां २,४३७ दशलक्ष टन दिलें आहे. म्हणजे ५२२ दशलक्ष टन कर्बवायु भूमीनें घेतला. कर्बाच्या वजनांत सुमारें १४२ दशलक्ष टन. पात्रा यांच्या वहींत सहा देशांच्या जमीन-उपयोगाच्या खात्यांत अवघे १४ होते. सालें निराळीं आहेत, कबूल. पण दहापट अंतर सालांनीं पडलेलें नाहीं. सरकारी वहींतील मोठी रक्कम पात्रा यांच्या वहींत २२०च्या त्या पहिल्या, नैसर्गिक खात्यांत दडलेली आहे. शिवाय भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणें एक हेक्टर किंवा त्याहून अधिक जमिनीवर दहा टक्के झाडोऱ्याची छाया असली म्हणजे, मालकी कोणाचीहि असो आणि उपयोग कोणताहि असो, तें वनाच्छादन. तेव्हां अक्राणीचें राखीव जंगल आणि कोणा बागाइतदाराची आमराई एकाच रकान्यांत बसतात.

सरकारनें खोटें लिहिलें असा याचा अर्थ नाहीं. नियमानें जें लिहिण्यास मुभा आहे तें लिहिलें, आणि तसें बहुतेक सर्व राष्ट्रें लिहितात. विस्तीर्ण अरण्यांचे धनी असलेलीं श्रीमंत राष्ट्रें तर अधिकच आनंदानें. गोंधळ होतो तो पुढें. वर ज्या ५०० अब्ज टनांच्या शिलकेचा उल्लेख केला ती शिल्लक काढतांना निसर्ग आपण होऊन जें घेणार तें आधींच वजा टाकलेलें आहे. आतां तीच वाढ राष्ट्रानें आपल्या नांवें जमा धरून 'आमचें उत्सर्जन निव्वळ शून्य झालें' असें म्हटलें, तर एकच ठेव दोनदां मोडली असें होतें. पहिल्यांदा जगाच्या वहींत, दुसऱ्यांदा देशाच्या. २०२३ सालीं 'नेचर'मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत हिशेब करून दाखविला आहे कीं, राष्ट्रांच्या व्याख्येनेंच चालावयाचें तर शून्याची तारीख एक ते पांच वर्षें अलीकडे ओढावी लागेल. ही किंमत कोणी जाहीरपणें कबूल केल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

व्याख्येचा हा तंटा कागदी आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं शेजारच्या धुळें जिल्ह्यांतील बारीपाडा येथें जाऊन यावें. चैत्राम पवार आणि त्यांच्या गांवकऱ्यांनीं तेथें तीन दशकांहून अधिक काळ रान राखलें. २०२५ सालीं पवार यांस पद्मश्री मिळाली. तें रान उभें आहे तें माणसांनीं कुऱ्हाड आवरली म्हणून. आतां त्याच वर्षांत दूर सातपुड्याच्या एकाद्या दुर्गम उतारावर कोणी न राखलेलें झाड केवळ हवेंतील जादा कर्बवायूवर पोसलें असेल, तर राष्ट्राच्या वहींत दोघांच्याहि टनास एकच मोल. बारीपाड्याच्या पहाऱ्याचें श्रेय आणि हवेच्या बिघाडाचें व्याज एका ओळींत लिहिणारी वही मला न्याय्य वाटत नाहीं. धोरणाच्या दृष्टीनें तर ती घातकच. माणसानें राखलेलें रान तो पुढेंहि राखील असा भरंवसा धरतां येतो. उलट, हवेनें दिलेली वाढ एका कोरड्या सालांत किंवा एका वणव्यांत परत जाऊं शकते, आणि तिच्या भरंवशावर जाळलेला कोळसा मात्र परत येत नाहीं. भारतानें २०१५ सालीं, २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कर्बवायूचें जादा शोषण झाडोऱ्यांत निर्माण करूं असें वचन दिलें. त्यांतील किती हाताचें आणि किती हवेचें, हें वचनाच्या भाषेवरून कळत नाहीं. अक्राणी आणि अक्कलकुवा येथील ज्या आदिवासींस २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें रानावर हक्क मिळावयाचे, त्यांचा या वहींतील वांटा कोणता, हें विचारण्यासहि त्यामुळें जागा उरत नाहीं.

उपाय अगदीं दुर्मिळ नाहीं. अलीकडच्या जागतिक ताळेबंदांत एका व्याख्येचा आकडा दुसऱ्या व्याख्येंत कसा आणावा याचें कोष्टक दिलेलें आहे. मंडळींनीं तें मागील पानांत टाकलें आहे. माझ्या मतें तें पहिल्या पानावर पाहिजे. कारण ताळेबंदाचें मुख्य कोष्टक शास्त्रज्ञ वाचतात, पण सही करणारा मंत्री वाचील तर हेंच वाचील. आमच्या सरकारच्या पुढील अहवालांतहि ५२२ सारख्या रकमेखालीं, ती कोणत्या वहीच्या नियमानें काढली आणि जगाच्या वहींत तिच्यापैकीं किती भाग आधींच धरलेला आहे, अशी एक ओळ असावी. ती लिहिण्यास नवें यंत्र लागत नाहीं.

पात्रा यांच्या लेखाविषयीं एवढेंच म्हणेन कीं, त्याच्या उणिवा मला दिसल्या त्या त्याच्या स्पष्टपणामुळें. ज्या लेखांत रकमा झांकलेल्या असतात त्यांत चुका सांपडत नाहींत. दक्षिण आशियाचा नवा ताळेबंद जे कोणी लिहितील त्यांनीं आगीच्या ४४.१ या जातीची रक्कम कोणत्या बेरजेंत धरली आणि कोणत्या नाहीं तें सारांशांतच सांगावें, नदीची रक्कम हवेच्या आकड्यापासून दूर ठेवावी, आणि उकाईसारख्या धरणांच्या तळाशीं बसलेल्या गाळास एक रकाना द्यावा.